घरचा सर्व्हर : आखणी आधी, खरेदी नंतर

एकेकाळी भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी ओळखले जाणारे हडपसर आज माहिती तंत्रज्ञानाचे उपनगर झाले आहे. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून उभारलेल्या मगरपट्टा सिटीसारख्या वसाहतींत कामाच्या निमित्ताने सर्व्हर हाताळणारे अनेकजण राहतात. साहजिकच, कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे आणि अभ्यासाचे प्रयोग यांसाठी घरीच एक छोटा सर्व्हर असावा, असे अनेकांना वाटते. मात्र बाजारात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणे श्रेयस्कर.

साठवण किती?

सध्याची माहिती मोजावी, दरवर्षीची भर धरावी आणि पाच वर्षांचा हिशेब करावा. दोन समान डिस्कवर एकच माहिती लिहिण्याची 'रेड-१' ही पद्धत घरासाठी सर्वांत सुटसुटीत. ८ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी वापरण्याजोगी जागा ८ टीबीच मिळते. आणि उत्पादक दशमान पद्धतीने मोजत असल्याने संगणकावर ती सुमारे ७.३ दिसते. डिस्क बदलावी लागल्यास सेकंदाला १५० एमबी वेगानेही ८ टीबीची नक्कल होण्यास सुमारे १५ तास लागतात. तेवढा काळ सारी भिस्त उरलेल्या एकाच डिस्कवर असते, हे ध्यानात ठेवावे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली 'झेडएफएस' ही फाइल प्रणाली नकळत बिघडलेली माहिती ओळखते आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्तही करते.

आभासी संगणक

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालविण्याची कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९७२ पूर्वीच रुजली होती. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. २००७ मध्ये 'केव्हीएम' लिनक्सच्या गाभ्यात आले आणि ही सोय घरगुती यंत्रांच्या आवाक्यात आली. केव्हीएमवर आधारलेले 'प्रॉक्समॉक्स' आज घरगुती सर्व्हरसाठी लोकप्रिय आहे.

येथे प्रोसेसरपेक्षा रॅम आधी अपुरी पडते. मूळ प्रणालीला ४ जीबी, साठवणीला ८ आणि तीन आभासी संगणकांना मिळून १० धरले, तर बेरीज २२ होते; म्हणजे ३२ जीबी घ्यावी. आभासी संगणक एसएसडीवर आणि छायाचित्रे, चित्रफिती साध्या डिस्कवर ठेवणे किफायतशीर ठरते.

वीज आणि उष्णता

अहोरात्र चालणारे ५० वॅटचे यंत्र दिवसाला १.२ युनिट, म्हणजे महिन्याला ३६ युनिट वीज घेते. घरगुती वीज टप्प्याटप्प्याच्या दराने आकारली जात असल्याने हे युनिट आपल्या बिलातील सर्वांत महाग टप्प्यात पडतात. दफ्तरातून निवृत्त झालेला जुना सर्व्हर स्वस्तात मिळाला, तरी त्याची भूक आणि पंख्यांचा आवाज आधी विचारात घ्यावा.

देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत पुणेकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. घरातील इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याचा निरोप संगणकाला सहसा देत नाही. त्यामुळे यूएसबी जोडणी असलेला यूपीएस घ्यावा आणि वीज गेल्यावर काही मिनिटांत सर्व्हर आपोआप, शिस्तीत बंद होईल अशी व्यवस्था करावी. यंत्र बंद माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवू नये. चैत्र-वैशाखातील उष्मा डिस्कला सोसत नाही.

प्रत म्हणजे काय?

सर्वाधिक गफलत येथे होते. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. चोरी, आग आणि पाणी दोन्ही डिस्क एकदमच नेतात. पुण्याला याचा अनुभव आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील घरांतली कागदपत्रेही पाण्यात गेली. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडील नायट्रेटवरचे जुने चित्रपट जळाले. एका ठिकाणी ठेवलेला ठेवा एका घटकेत जातो.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा नियम पाळावा. बाहेरची प्रत गावाकडच्या घरी ठेवलेली डिस्क असू शकते किंवा भाड्याची ऑनलाइन जागा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून २ टीबीची पहिली प्रत पाठविण्यास सुमारे ४५ तास लागतात. नंतर केवळ बदल जातात. वर्षातून दोनदा तरी प्रतीतून एखादी फाइल परत काढून पाहावी. न तपासलेल्या प्रतीवर विसंबू नये.

बाहेरून प्रवेश

सर्व्हरचे दार इंटरनेटला थेट उघडे ठेवू नये. बाहेरून येण्यासाठी व्हीपीएन वापरावे. शेवटची गोष्ट तांत्रिक नाही, पण तितकीच महत्त्वाची. पासवर्ड आणि प्रती कोठे आहेत, हे एका वहीत लिहून घरातील दुसऱ्या व्यक्तीस दाखवून ठेवावे. सर्व्हर उभारणारा घरी नसतानाही आजीची छायाचित्रे सापडली पाहिजेत. ती सापडली, तरच आखणी पुरी झाली.