दिवा लागण्याआधी

न्यू जर्सीतल्या एडिसन या गावाचं नाव 1954 पर्यंत रॅरिटन टाउनशिप होतं. त्यातल्या मेन्लो पार्क भागात थॉमस अल्वा एडिसनने 1876 मध्ये प्रयोगशाळा थाटली आणि दोन वर्षांतच वर्तमानपत्रं त्याला ‘मेन्लो पार्कचा जादूगार’ म्हणू लागली. जादू आणि भांडवलशाही यांच्या नात्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी वाचकाचं स्वागत करायला याहून सोयीची जागा मला सुचत नाही.

सप्टेंबर 1878 मध्ये एडिसनने जाहीर केलं, की विजेच्या दिव्याचं कोडं आपण सोडवलं आहे. सोडवलेलं नव्हतं. तरी लंडनमध्ये गॅस कंपन्यांचे शेअर घसरले, आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या धनिकांच्या पैशावर एडिसन इलेक्ट्रिक लाइट कंपनी उभी राहिली. काम भागेल असा दिवा लागायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. लोकांनी तो पाहिला 31 डिसेंबर 1879 ला. वर्षभर पैसा खेळत होता तो न लागलेल्या दिव्यावर. याला थाप म्हणून मोकळं होता येत नाही, कारण दिवा खरोखरच लागला, आणि त्यासाठीचा खर्च त्या आगाऊ शब्दावरच निघाला होता. उच्चारलेल्या शब्दाने वस्तुस्थिती घडते, हा दावा एरवी मांत्रिक करतो.

आंरी उबेर आणि मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी शतकापूर्वीच दाखवलं होतं, की मांत्रिकावरचा विश्वास अनुभवाआधीच बसलेला असतो. विधी फसला तरी दोष विधीतल्या चुकीला लागतो, विद्येला नाही. शेअरबाजाराचे रोजचे खुलासे वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने 1935 मध्ये ट्रोब्रियंड बेटांवरच्या शेतीच्या मंत्रांबद्दल लिहिताना आधुनिक जाहिरातीशी त्यांची तुलना केली. नवख्याने मार्क्सपेक्षा इथून सुरुवात करावी. त्याच्या ‘भांडवल’मधलं वस्तूच्या गूढ रूपाचं प्रकरण मग जड जात नाही.

समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचं म्हणणं होतं, की आधुनिक जगातून जादू ओसरली. जेसन जोसेफसन-स्टॉर्म यांनी 2017 च्या पुस्तकात ही समजूतच मिथक ठरवली. त्यांच्या बाजूने एक पुरावा मेन्लो पार्कातही आहे: 1878 मध्ये एडिसन गूढविद्येत रमणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. पुढच्याच वर्षी तिचे संस्थापक मुंबईत येऊन राहिले.

पण या क्षेत्राचा कस लागतो तो मजुरांच्या कहाण्यांत. मानवशास्त्रज्ञ मायकेल टाउसिग यांनी 1980 मध्ये कोलंबियातल्या ऊस कामगारांबद्दल लिहिलं. तिथे समजूत अशी, की जादा मजुरीसाठी कुणी सैतानाशी करार करतो. पण तो पैसा वांझ असतो, त्यातून घेतलेली जमीन पिकत नाही, जनावर जगत नाही. टाउसिग या समजुतीला अडाणीपणा मानत नाहीत. नव्या मजुरीव्यवस्थेवरची ती टीका आहे, असं ते म्हणतात. मानवशास्त्रज्ञ जीन आणि जॉन कोमारॉफ यांनी वर्णद्वेषी राजवटीनंतरच्या दक्षिण आफ्रिकेत झटपट श्रीमंतीची स्वप्नं आणि चेटकाचे संशय एकत्र वाढताना पाहिले. (त्यांची वाक्यं लांब आहेत, धीर धरावा.)

मराठी वाचक इथे अडखळेल, आणि अडखळावंच. ‘पैशाचा पाऊस’ पाडणाऱ्या भोंदूबाबांच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांना 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं. त्याच वर्षी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. अशा समाजात जादूला ‘टीका’ म्हणणं परदेशी विद्यापीठात म्हणण्याइतकं स्वस्त नाही. समजूत समजून घेणं आणि भोंदूला मोकळं सोडणं यांतलं अंतर या ग्रंथांत दरवेळी राखलेलं नाही, असं माझं मत आहे. शिवाय जाहिरात, ब्रँड, नफा अशा सगळ्यालाच जादू म्हटलं, की त्या म्हणण्यातून काहीच कळेनासं होतं.

लिहायला मात्र भरपूर शिल्लक आहे. मुंबई शेअरबाजारातले लक्ष्मीपूजनाचे मुहूर्ताचे सौदे आहेत. एडिसन गावातल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांची रांग आहे. तिथल्या गल्ल्याची पूजा करताना कर्जाचे हप्ते भरणारा मालक काय मागतो, आणि तासावर पगार घेणारा नोकर काय मागतो, हे दोघांना वेगवेगळं विचारायला हवं.