दात जागा का बदलतात? लंडनमधील एका शोधाची दुसरी बाजू

बाबासाहेबांची ग्रेज इन पाहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे पायी निघाले की वाटेत लिंकन्स इन फील्ड्सचा चौक लागतो. चौकाच्या दक्षिणेस रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची इमारत असून तिच्यात हंटेरियन संग्रहालय आहे. आपल्यापैकी फार थोडे तिथे थांबत असतील. वयाबरोबर दात का सरकतात, या प्रश्नाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मात्र याच संग्रहाशी जोडलेले आहे.

जॉन हंटर (१७२८–१७९३) हा स्कॉटिश शल्यविशारद. त्याने १७७१ मध्ये मानवी दातांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दात म्हणजे जबड्यात ठोकलेली खुंटी, असे आपल्याला आजही वाटते. हंटरने निराळे सांगितले. मुळाभोवतीचे हाड हे जबड्याचे कमी आणि दाताचे अधिक. दात येताना ते घडते, दात गेला की झिजून जाते. म्हणूनच संथ, सततच्या दाबाने दात हलवता येतो. त्याने डुकरांना मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीचे मूळ चारले. त्या काळात तयार होणारे हाड तांबडे होते. हाड एकीकडे भरते आणि दुसरीकडे विरते, हे त्याने त्यावरून ताडले.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हेच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. दात आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. ज्या बाजूस दाब पडतो तिथले हाड पेशी खातात, ज्या बाजूस ताण पडतो तिथे नवे बांधतात. जीभ, ओठ, चावण्याचा जोर यांमुळे हे काम आयुष्यभर चालू राहते. दाढा हळूहळू पुढे सरकतात, खालचे पुढचे दात दाटी करतात. तोंडात कोणाचीही जागा जन्मतः कायमची ठरलेली नसते! या दाटीचा दोष अक्कलदाढेवर टाकण्याची रीत आहे. अभ्यासांनी तिला भक्कम आधार दिलेला नाही. खरी उलथापालथ होते ती दाढ काढून जागा रिकामी ठेवल्यावर. मागची दाढ त्या खळग्याकडे कलते, समोरची खाली उतरते.

हंटरच्या नावावर आणखी एक गोष्ट जमा आहे. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला आणि जिवंत माणसाचा दात दुसऱ्याच्या तोंडात बसवण्याचा पुरस्कार केला. श्रीमंतांना दात हवे होते. विकायला गरिबांची मुले होती. टॉमस रोलंडसनने १७८७ मध्ये या व्यवहारावर व्यंगचित्र काढले. त्यात धुराडी साफ करणाऱ्या काजळलेल्या पोराचा दात उपटला जात आहे आणि शेजारी एक नटवी बाई वाट पाहत बसली आहे. बसवलेले दात फार काळ टिकत नसत, शिवाय रोग पसरण्याची भीती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा ओसरली. विकणाऱ्या मुलाच्या तोंडात मात्र, हंटरच्याच सिद्धांताप्रमाणे, त्या जागेचे हाड झिजत गेले असणार आणि शेजारचे दात त्या पोकळीत कलले असणार. संग्रहालयात त्या तोंडांच्या नावाची पाटी नाही.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दंतोपचारही मोफत होते. तीन वर्षांतच कवळीवर शुल्क लावण्याचे ठरले आणि त्याविरोधात अन्युरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. आजही १८ वर्षांखालील मुलांना, वाकडेपणा ठरलेल्या पातळीचा असेल तर, दात सरळ करण्याचा उपचार इंग्लंडमध्ये या सेवेतून मोफत मिळतो. मोठ्यांना तो सहसा मिळत नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीत दुखरी दाढ वाचवण्यापेक्षा उपटणेच परवडत असे. ते इकडे राहायला आले, की त्यांच्या दंततपासणीत रिकाम्या जागांभोवती कललेल्या दाढांविषयी अवश्य विचारावे. मुलांची तार निघाल्यावर दिलेले रात्रीचे रिटेनर कपाटात पडू देऊ नये. हाडाचे ते जुने काम तार निघाली म्हणून थांबत नाही.