ठाण्यातलं मौन : कलम ११४ अ ची कुळकथा

चोरीनंतर थोड्याच वेळात ज्याच्याजवळ माल सापडतो, तो एक तर स्वतः चोर असतो किंवा माल चोरीचा आहे हे ठाऊक असूनच त्याने तो घेतलेला असतो, असं न्यायालय धरून चालू शकतं. माल आपल्याकडे कसा आला, हे सांगायची पाळी मग त्याच्यावर येते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात कलम ११४ खाली दिलेलं हे पहिलंच उदाहरण. माणसं साधारणपणे कशी वागतात, व्यवहार कसे चालतात, हे पाहून न्यायाधीशाने काही गोष्टी गृहीत धरायला हरकत नाही, असं हे कलम सांगतं. कायद्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत चोरीचा माल आहे, हुंडी आहे, सरकारी कामकाज रीतसरच झालं असेल हा विश्वासही आहे. रात्री पोलीस ठाण्यात अडकलेल्या बाईबद्दल काय गृहीत धरायचं, याचा मात्र त्यात उल्लेख नाही. तो यायला १९८३ साल उजाडलं. तेव्हा ११४ ला ११४ अ जोडलं गेलं आणि त्याचं मूळ आहे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात.

देसाईगंजला आसपासची माणसं वडसा म्हणतात. वैनगंगेच्या काठच्या धानपट्ट्यातली ही बाजारपेठ. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचं हे मोठं केंद्र, आणि जिल्ह्यात आगगाडी थांबायची ती बरीच वर्षं इथेच. १९७२ साली गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. तोवर हा सगळा मुलूख चंद्रपुरात मोडायचा.

२६ मार्च १९७२ ची रात्र. आईवडील नसलेली एक आदिवासी मुलगी भावाजवळ राहायची. दोघंही मजुरी करून पोट भरायची. ती एका बाईच्या घरी कामाला जायची आणि त्या बाईच्या नात्यातल्या तरुणाशी तिला लग्न करायचं होतं. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार भावाने ठाण्यात केली. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणलं गेलं, जबान्या झाल्या, आणि साडेदहाच्या आसपास मंडळी घरी जायला निघाली. बाकीचे बाहेर पडले. मुलीला एका कॉन्स्टेबलने मागे ठेवून घेतलं. दार बंद झालं, दिवे गेले. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. हा खटला देशभर तिच्याच नावाने ओळखला गेला हे खरं. पण बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवणारं कलम २२८ अ याच प्रकरणामुळे झालेल्या कायद्यात आलं, आणि ते पाळण्याचा पहिला मान तिचा आहे.

बाहेर भाऊ होता, ती बाई होती, तो तरुण होता. त्यांनी हाका मारल्या, आतून उत्तर आलं नाही. बाजारातली माणसं जमली, गर्दी वाढत गेली. मुलगी बाहेर आली आणि काय झालं ते तिने सांगितलं, तेव्हा लोक खवळले. ठाणं जाळून टाकू, असं म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली. घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणावं लागलं आणि त्याने तिची फिर्याद नोंदवून घेतली.

या प्रकरणाचा इतिहास सांगताना बहुतेक जण दिल्लीतल्या एका पत्रापासून सुरुवात करतात. मला ती पद्धत पटत नाही. ज्या ठाण्यात गुन्हा झाला त्याच ठाण्याच्या वहीत त्याची नोंद व्हायची, तर ते आपोआप होत नाही. वडशाच्या त्या रात्री ती झाली, कारण दारापुढची माणसं हलली नाहीत. कागदावर ती फिर्याद उतरली नसती, तर पुढचा खटला, निकाल, पत्र, मोर्चे यांतलं काहीच झालं नसतं. ११४ अ ची पहिली पिढी ही गर्दी आहे.

खटला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात चालला. दुसऱ्या दिवशी मुलीची वैद्यकीय तपासणी झाली होती. अंगावर जखमा नाहीत, वय १४ ते १६ च्या दरम्यान, असा अहवाल होता. संमतीचं वय तेव्हा १६ होतं. ती सोळाच्या आतली असल्याचं सिद्ध झालं असतं, तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. पण वयाचा पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही आणि संशयाचा फायदा आरोपींकडे गेला. शिवाय त्या तपासणीत मुलीच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांबद्दल जे लिहिलं होतं, ते तिच्या विश्वासार्हतेविरुद्ध वापरलं गेलं. १ जून १९७४ ला दोन्ही आरोपी सुटले: तो कॉन्स्टेबल, आणि त्या रात्री ठाण्यात असलेला दुसरा एक हेड कॉन्स्टेबल, फिर्याद नोंदवणारा नव्हे. शरीरसंबंध वेगळा आणि बलात्कार वेगळा, असं सत्र न्यायाधीशांचं म्हणणं होतं, आणि मुलीला त्यांनी खोटारडी ठरवलं.

सरकारने अपील केलं. १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. कॉन्स्टेबलला बलात्कारासाठी पाच वर्षं आणि हेड कॉन्स्टेबलला विनयभंगासाठी एक वर्ष सक्तमजुरी झाली. या निकालाचा विसर पडू नये असं मला वाटतं. भीतीने हतबल होऊन पडून राहणं म्हणजे संमती नव्हे, असं नागपूरच्या न्यायाधीशांनी साफ म्हटलं होतं. ही माणसं तिला अनोळखी होती, ती आपणहून त्यांच्याकडे वळेल हे संभवत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. पुढे देशाने मोर्चे काढून जे मागितलं, त्याचा गाभा नागपूरच्या निकालपत्रात आधीच होता.

१५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात तो निकाल रद्द केला. न्या. जसवंत सिंग, न्या. कैलासम आणि न्या. कोशल यांचं हे पीठ होतं. मुलीच्या अंगावर खुणा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, म्हणजे प्रतिकार झालाच नाही आणि म्हणून संमती होती, अशी निकालाची वाट होती.

खुणा नाहीत तर गुन्हा नाही, या समजुतीचंही एक कूळ आहे आणि ते फार जुनं आहे. तेराव्या शतकात इंग्लंडच्या कायद्याबद्दल लिहिणाऱ्या ब्रॅक्टनने बलात्कारित स्त्रीसाठी रीत सांगून ठेवली होती. तिने लगेच जवळच्या गावी जावं, भल्या माणसांना जखमा, रक्त, फाटलेले कपडे दाखवावेत, मग राजाच्या अधिकाऱ्यांकडे जावं. सतराव्या शतकात मॅथ्यू हेल या न्यायाधीशाने त्यात भर घातली. हा आरोप करायला सोपा आणि खोडून काढायला अवघड, म्हणून ऐकणाऱ्याने सावध राहावं, असा त्याचा सूर होता. इंग्रजांबरोबर हे विचार इथल्या कोर्टांत आले, वकिलांच्या उलटतपासणीत मुरले आणि शंभराहून अधिक वर्षं तिथेच राहिले. देसाईगंजच्या मुलीला मोजलं गेलं ते ब्रॅक्टनच्या मापाने.

यात मला सर्वात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. १८७२ च्या त्याच अधिनियमात कलम २५ होतं. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असं ते सांगतं. कलम २६ पुढे जाऊन पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेली कबुलीही, दंडाधिकारी समोर नसेल तर, बाद ठरवतं. कारण उघड आहे. ठाण्यात माणसावर दाब असतो आणि तिथे तो जे बोलतो ते मोकळ्या मनाने बोललाय, असं धरता येत नाही. म्हणजे ठाण्याच्या चार भिंतींबद्दलचा अविश्वास कायद्यात पहिल्यापासून होता. धट्टाकट्टा आरोपी तिथे 'हो, मी केलं' म्हणाला तरी कायदा त्यावर विश्वास ठेवत नव्हता. त्याच भिंतींआड रात्री एकटी राहिलेली मुलगी ओरडली नाही, या मौनावर मात्र विश्वास ठेवला गेला आणि त्याचा अर्थ होकार असा लावला गेला. दाबाखालचं बोलणं खरं नाही, तर दाबाखालचं गप्प बसणं खरं कसं? हा प्रश्न १९७८ च्या निकालाने स्वतःला विचारला असता, तर पुढे नवं कलम लिहायची गरजही पडली नसती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच बजावलं होतं की स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावणं कायद्याला धरून नाही, पोलिसांनी तिच्या घरी जावं. पाच महिन्यांनी आलेल्या देसाईगंजच्या निकालात, ती मुलगी रात्री ठाण्यात का होती, याची बोच जाणवत नाही.

निकाल वर्षभर कायद्याच्या अहवालग्रंथात पडून होता. १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. न्यायालयाच्या निकालावर इतक्या उघडपणे बोट ठेवण्याची तेव्हा रीत नव्हती. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक न्यायालयाने पुसून टाकला, गरीब आणि आदिवासी मुलगी ठाण्यात कोणत्या अवस्थेत असते याचा विचार केला नाही, असं त्यांनी लिहिलं आणि मोठ्या पीठापुढे फेरविचार मागितला. फेरविचार झाला नाही. पत्र मात्र छापलं गेलं, हातोहात फिरलं. नागपुरात सीमाताई साखरे यांनी हा विषय लावून धरला. मुंबईत १९८० च्या सुरुवातीला बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. हैदराबादेत १९७८ मध्ये झालेलं पोलीस ठाण्यातलंच एक प्रकरण लोकांच्या मनात ताजं होतं. त्यामुळे वडशाचा प्रश्न एका गावाचा राहिला नाही.

एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला आणि त्यात ११४ अ चा आराखडा होता. त्याच वर्षी विधेयक मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं, आणि २५ डिसेंबर १९८३ ला कायदा लागू झाला. वाद बराच झाला. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हा फौजदारी न्यायाचा पाया, आणि शाबितीचा भार सरकारपक्षावर. तो आरोपीवर टाकला तर पायाच हलेल, अशी भीती काही वकिलांना होती. ती अगदीच निराधार नव्हती, म्हणूनच कलम फार आखडून लिहिलं गेलं.

ते चालतं कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे. आधी सरकारपक्षाने हे सिद्ध करायचं की शरीरसंबंध झाला. मग हे, की आरोपी पोलीस, लोकसेवक, तुरुंगाचा किंवा रुग्णालयाचा कर्मचारी अशा ठरावीक वर्गांतला आहे आणि बाई त्याच्या ताब्यात किंवा हद्दीत होती, किंवा, १९८३ च्या मूळ कलमाप्रमाणे, प्रकार सामूहिक बलात्काराचा आहे. एवढं झालं की उरतो फक्त संमतीचा प्रश्न. तिने न्यायालयात शपथेवर सांगितलं, 'माझी संमती नव्हती', की न्यायालयाने तसं धरून चालायचं. इथे 'धरू शकतं' नाही, 'धरील' आहे. ११४ मधली चोरीच्या मालाची मुभा ११४ अ मध्ये बंधन झाली. संमती होती हे दाखवायचं काम आता आरोपीचं. ओरडलीस का, खुणा कुठे आहेत, या प्रश्नांची उत्तरं द्यायला तिला उभं राहावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आणि बंद दाराआड सुनावणी हेही याच कायद्याने आणलं.

कुळाचा विस्तार नंतरही होत राहिला. स्त्रीच्या पूर्वचारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष मोडायची मुभा २००२ च्या दुरुस्तीने गेली. देसाईगंजच्या मुलीविरुद्ध वापरल्या गेलेल्या तथाकथित दोन बोटांच्या तपासणीवर मोठा घाव घातला तो विदर्भातूनच. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांच्या दर्जाचा कठोर अहवाल लिहिला आणि त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. पुढे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी निषिद्ध ठरवली. २०१३ च्या दुरुस्तीने केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही, हे बलात्काराच्या व्याख्येतच लिहिलं आणि ११४ अ ची व्याप्तीही वाढवली. एखाद्या भागात तैनात केलेले सशस्त्र दलाचे जवानही त्याच्या कक्षेत आले, आणि सशस्त्र दलांच्या व्याख्येत निमलष्करी दलं धरलेली आहेत. गडचिरोलीसारख्या, छावण्यांच्या शेजारी गावं वसलेल्या जिल्ह्यात ही तरतूद कागदी नाही. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा अधिनियम गेला आणि हे कलम भारतीय साक्ष्य अधिनियमात १२० या आकड्याने उभं आहे.

ज्या मुलीमुळे हे सगळं झालं, तिच्या पदरात यातलं काही पडलं नाही. तिचा खटला संपलेला होता. हे कलम १९७८ मध्ये असतं तर काय झालं असतं, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. कॉन्स्टेबलच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो संबंध घडला हे धरूनच. वाद फक्त संमतीचा होता, आणि मुलीने न्यायालयात नकार सांगितला होता. त्याच्यावरची शिक्षा कायम ठेवायला तेवढं पुरलं असतं. हेड कॉन्स्टेबलवरचा आरोप विनयभंगाचा होता. ११४ अ फक्त बलात्काराबद्दल बोलतं. त्याच्या बाबतीत ते तेव्हाही लागू झालं नसतं आणि १२० चा आकडा घेतलेलं आजचं कलमही लागू होणार नाही.