सिकलसेल : शब्द आणि आधार

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील सिकलसेल या व्याधीचा इतिहास सामान्यतः रक्ततपासणीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रुग्णास व त्याच्या कुटुंबास लाभलेल्या, अथवा न लाभलेल्या, आधाराचा इतिहास निराळा असून त्याची साधने प्रयोगशाळेइतकीच भाषेतही शोधावी लागतात.

हेरिक यांनी १९१० साली अमेरिकेत कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत ही विकृती आढळली; १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील तिचे अस्तित्व नोंदविले. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. १९८६ पासून तेथे कार्य करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी या व्याधीचा अभ्यास केला. परंतु ती गरज संशोधकांची होती, लोकांनी तिची मागणी केलेली नव्हती, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. ही कबुली मला कोणत्याही आकडेवारीहून मोलाची वाटते.

तपासणीबरोबर ‘वाहक’ हा शब्द गावात आला. (‘दात्रकोशिका’ हा संस्कृत पर्याय ग्रंथांतच राहिला, हे एका अर्थी बरेच झाले.) वस्तुतः वाहक हा बहुधा निरोगीच असतो. आईबाप दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भाच्या बाबतीत व्याधीचा संभव चारात एक एवढा असतो. म्हणजे वारसा दोघांकडून येतो. दोष केवळ आईस देण्यास आधार नाही. परंतु मराठीत डासही रोगाचा वाहकच! ज्या मुलीच्या विवाहाची बोलणी चालू आहेत, तिच्या नावापुढे हा शब्द लागला म्हणजे काय ऐकले जाते, याचा विचार परिभाषा घडविणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. त्यातून भामरागडकडील माडियांची मातृभाषा माडिया. मराठीतील समुपदेशन त्यांच्यापर्यंत दुभाष्याच्या तोंडूनच पोहोचते, आणि दुःख दुभाष्याजवळ सहसा बोलले जात नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा अंतर्भाव एकवीस दिव्यांगत्वांत केला. तथापि कायद्यातील बहुतेक विशेष सवलतींस किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि या व्याधीची वेदना तर येते व जाते. तपासणीच्या दिवशी ती असेलच असे नाही.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्या नावात ‘निर्मूलन’ हा शब्द आहे व मुदत २०४७ ची आहे. त्या वर्षी जन्मलेले व्याधिग्रस्त मूल तेव्हा चोविशीत असेल.