एका मोटारीची संशोधित आवृत्ती

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालात बांधलेली दप्तरे उभी राहतात. लोखंड, पत्रा आणि रबर यांची गणना त्यांत करावयास सहसा कोणी धजत नाही. मीही धजलो नसतो. पदवीपुरता इतिहास शिकून केंद्र सरकारच्या कार्यालयात कारकुनी करणाऱ्या माणसाचा जुन्या मोटारींशी संबंध यावा तरी कसा? परंतु मयूर विहारात आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध मराठी गृहस्थ राहतात. सारी इमारत त्यांना काका म्हणते. त्यांनी आपली १९६६ सालची फियाट पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले आणि सुटे भाग शोधण्याच्या कामी मला सोबत घेतले. त्या निमित्ताने दोन हिवाळे जी भटकंती झाली, तिच्यात एक प्रश्न वारंवार आडवा आला. तो यंत्रशास्त्राचा नव्हे, इतिहासाचा आहे. एखादी वस्तू मूळ स्वरूपात आणावयाची म्हणजे नेमक्या कोणत्या स्वरूपात?

हा वाद हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. दिल्लीत तो कायद्याचा झाला आहे. पंधरा वर्षांहून जुनी वाहने राजधानीच्या रस्त्यांवर येऊ नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या वाहनांवरील बंदी उचलून धरली. पुढे अंमलबजावणीत वेळोवेळी फेरफार झाले. जुन्या गाडीच्या मालकाच्या मनातील धास्ती मात्र गेली नाही. दुसऱ्या बाजूने, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी निराळ्या नोंदणीची सोय केली. नव्याने नोंदविलेल्या अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडते आणि ती १० वर्षे चालते. गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते. मुख्य अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. त्याच्या सांगाड्यात, कायेत वा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसावा. नियमावलीतील ‘मूळ’ हा शब्द वाचताना सोपा वाटतो. तो घेऊन बाजारात उतरले म्हणजे त्याचे खरे वजन कळते.

मयूर विहारहून मायापुरीच्या भंगारबाजारात जावयास मेट्रोची गुलाबी मार्गिका थेट नेते. या प्रवासात दोन स्थानके लागतात, त्यांकडे आमच्या कामाच्या दृष्टीने माझे लक्ष वेधले. पहिले सर विश्वेश्वरय्या मोतीबाग. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या स्थापत्यशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना मांडली होती. ती योजना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उचलून धरली. १९४० साली त्यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला; परंतु परक्या सरकारने साहाय्य दिले नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

लगेच पुढचे स्थानक दुर्गाबाई देशमुख यांच्या नावाचे आहे. त्यांचे यजमान चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते आणि आपल्या कथेतील निर्णायक वळण त्याच काळातील आहे. १९५३ साली जकात आयोगाच्या अहवालानंतर सरकारने असे धोरण ठरविले की, परदेशातून खोक्यांत येणारे भाग नुसते जोडून गाड्या विकणाऱ्यांना येथे स्थान नाही. जो टप्प्याटप्प्याने भाग देशातच तयार करील त्यानेच राहावे. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. कुर्ल्याचा कारखाना राहिला. वालचंद मात्र एप्रिल १९५३ मध्येच निवर्तले होते. आपल्या हयातीत फियाट कंपनीशी झालेल्या सहकार्याचे पुढे केवढे झाड झाले, हे त्यांना पाहावयास मिळाले नाही.

१९५४ साली फियाट ११०० ही गाडी मुंबईत आली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार नळकांड्यांचे इंजिन, गियरचा दांडा सुकाणूच्या खांबाला आणि पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारे. तिच्या फुगीर आकारावरून मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि ते नाव आजतागायत टिकले. पुढे दरवाज्यांची बाजू बदलली, दिवे बदलले, जाळी बदलली. १९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’ आली. काकांची गाडी ती. १९७४ च्या सुमारास इटालियन नाव जाऊन ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव आले आणि विसावे शतक सरेपर्यंत ती निघत राहिली.

या सनावळीत आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. धोरणच असे होते की, इटलीहून येणारा एकेक भाग गळावा आणि त्या जागी येथे घडविलेला भाग यावा. म्हणजे ही गाडी कारखान्यातच वर्षानुवर्षे बदलत होती. बदल हाच तिच्या निर्मितीचा उद्देश होता. मग १९६६ च्या गाडीस इटलीहून आज मागविलेली अस्सल काच बसविणे हे मूळ, की त्या वेळी येथील एखाद्या कारखान्याने काढलेली जरा फिकी काच बसविणे हे मूळ? युरोपातील गाडीला कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्याचा एक क्षण असतो आणि त्या क्षणाकडे परत जाता येते, असे तिकडचे संग्राहक मानतात. आपल्या गाडीचा तो क्षण पसरट आहे. शिवाय कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिची खरी घडण सुरू झाली. आयातीवर निर्बंध, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, म्हणून हाती असलेली गाडी मोडू द्यावयाची नाही, हा त्या पिढीचा नियम. लेथवर काढलेली बुशे, दुसऱ्या गाडीचे बसते केलेले भाग, मिस्त्रीने हाताने ठोकून सरळ केलेला पत्रा, हे सारे तिच्या अंगावर थर होऊन बसले.

अशा वेळी मला भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण झाली. १९१९ साली हाती घेतलेले ते काम १९६६ साली, म्हणजे काकांच्या गाडीच्याच वर्षी, पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांपुढे देशभरातून आलेली हस्तलिखिते होती आणि कवीच्या हातची प्रत कोठेच नव्हती. त्यांनी पोथ्यांची कुळे लावली, त्यांत जो पाठ सर्वांत जुना ठरेल तो वर घेतला आणि उरलेले पाठ टाकून न देता तळाशी नोंदविले. संशोधित आवृत्तीचे मर्म वरच्या संहितेइतकेच त्या तळटीपांत आहे. निवड करावी, परंतु आपण निवड केली हे लपवू नये. जुन्या मोटारीसही हाच न्याय लागू पडतो, असे मला वाटू लागले. पुढे कळले की, जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेली सनदही याच दिशेची आहे. नवे करण्यापेक्षा असलेले जपावे आणि बदललेला भाग पुढच्या अभ्यासकास ओळखता यावा अशी खूण त्यावर ठेवावी, असे ती सांगते. त्या सनदेला फियाटच्या गावाचे, तुरीनचे, नाव आहे, हाही एक योग.

काकांनी एक वही घातली. डाव्या पानावर काढलेला भाग, उजव्या पानावर बसविलेला भाग आणि खाली कारण. ब्रेकच्या नळ्या, चाकांतील ब्रेकचे सिलिंडर आणि टायर यांबाबत वाद नव्हता. ज्यावर जीव अवलंबून आहे तेथे जुनेपणाचा सोस धरू नये. ते नवे घेतले. दारांच्या रबरी पट्ट्या काश्मीरी गेटच्या बाजारात मिळाल्या. बंपरला नवा मुलामा द्यावा की नाही यावर पंधरवडा गेला. नव्या मुलाम्याने तो आरशासारखा झाला असता. परंतु उजव्या कोपऱ्यातील पोचा आधी काढावा लागला असता. तो पोचा १९७१ सालच्या युद्धातील काळोखबंदीत, दिवे झाकून गाडी चालविताना, फाटकाला लागून पडलेला आहे. पोचा राहिला. मागच्या दिव्याच्या काचेसाठी परदेशातून आलेला अस्सल जोड माझ्या अर्ध्या पगाराएवढ्या किमतीस मिळत होता. मायापुरीत एका पद्मिनीवरून उतरविलेला जोड थोडक्या घासाघिशीत मिळाला. आम्ही तो घेतला आणि वहीत लिहिले: ‘पाठभेद, पुढील पिढीचा.’

मायापुरीत भाग मिळतो, पण त्याचा पूर्वेतिहास मिळत नाही. हा भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या सालचा, तेथे कोणी सांगू शकत नाही, कारण भंगाराला भूतकाळ नसतो अशीच त्या व्यवहाराची समजूत आहे. या समजुतीची किंमत याच बाजाराने एकदा मोजली आहे. एप्रिल २०१० मध्ये एका प्रयोगशाळेतून लिलावात विकल्या गेलेल्या यंत्रातील किरणोत्सारी कोबाल्ट येथे साधे लोखंड समजून फोडले गेले. अनेकांना इजा झाली, एक कामगार दगावला. वस्तूबरोबर तिचे कागद चालत आले असते तर तो वाचला असता. सुट्या भागांच्या ढिगाऱ्यांतून हिंडताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नसे. काकांच्या वहीचे महत्त्व मला तेथे पटले.

खरी कसोटी इंजिनाची होती. गाडीचे पहिले इंजिन १९८४ साली तडकले आणि त्या जागी पद्मिनीचे इंजिन बसले. वंश तोच, माप तेच, क्रमांक निराळा. बदलाची नोंद नोंदणीपुस्तिकेत रीतसर आहे. पहिला ठोकळा तेव्हाच वितळवला गेला. आता ‘मूळ स्वरूप’ या अटीपुढे हे इंजिन टिकेल का, याची खात्री कोणी देईना. शोधता शोधता एके ठिकाणी त्याच सुमाराचा एक ठोकळा सापडला. विकणाऱ्याने आपणहून सुचविले की, जुना क्रमांक घासून तुमच्या पुस्तिकेतला पहिला क्रमांक त्यावर ठोकून देतो, तपासणाऱ्यास संशयही येणार नाही. खर्चही फार नव्हता. मी कबूल करतो की, क्षणभर मला मोह झाला. गाडी डोळ्यांदेखत कायमची बंद पडण्यापेक्षा एक आकडा खोटा असला तर काय बिघडले, असे वाटून गेले.

परतीच्या प्रवासात काका बराच वेळ बोलले नाहीत. निजामुद्दीन गेल्यावर, यमुनेचा पूल लागला तेव्हा म्हणाले, “अरे, तो क्रमांक ठोकला की गाडी मूळची होईल. पण चाळीस वर्षं जिनं मला चालवलं, ती कुठं जाईल?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या मला एवढे मात्र कळले की, खोट्या पुराव्याने सिद्ध केलेले मूळ हे मूळ नसते. बनावट सनदा करून वतने मिळविणाऱ्यांनी आपल्या इतिहासाची केवढी हानी केली, हे मी परीक्षेपुरते वाचले होते. बनावट आणि बदल यांत फरक आहे. बदल स्वतःची तारीख सांगतो. बनावट ती पुसते. वाड्याची तुळई बदलली तर वाडा खोटा होत नाही. बदललेल्या तुळईवर जुने साल कोरले म्हणजे मात्र साऱ्या वाड्याची साक्ष बाद होते.

या गाड्यांच्या बाबतीत ही साक्ष आता दुर्मिळ होत आहे. कुर्ल्यात जिथे त्या जन्मल्या तेथून जवळच, सी. एस. टी. रस्त्यावरच्या भंगारबाजारात, त्यांपैकी कितीएक मोडल्या गेल्या. जन्म आणि अंत्यसंस्कार एकाच उपनगरात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार अर्धशतक जिवंत ठेवला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदविलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या, तसतसे भाग घडविणारे आणि ते बसविणारे हातही गेले. आमचा मिस्त्री सत्तरीचा आहे. त्याचा मुलगा मोबाइल फोन दुरुस्त करतो.

अखेर ठरले ते असे. पद्मिनीचे इंजिन खोलून, साफ करून, नव्या रिंगा व गास्केटे घालून त्याच गाडीत बसविले. अर्जात त्याचा खरा क्रमांक, बदलाचे साल आणि पुस्तिकेतील नोंदीची प्रत दिली. सोबत वहीच्या सर्व पानांच्या नकला जोडल्या. मसुदा मी केला. इतका सरळ मसुदा नोकरीत क्वचितच करावयास मिळतो.

एक गोष्ट उरली होती. सुकाणूच्या डाव्या बाजूस, समोरच्या पत्र्यावर, दोन बारीक भोके आहेत. काकूंनी गणपतीची पितळी मूर्ती स्क्रूने बसविली होती, त्याची ती खूण. काकू आता नाहीत. मूर्ती देव्हाऱ्यात आहे. रंग देणाऱ्याने भोके बुजवू का म्हणून विचारले, कारण कारखान्यातून गाडी आली तेव्हा ती नव्हती. काकांनी वही उघडली, उजव्या पानावर ‘१९६८, सौ.’ एवढेच लिहिले आणि भोके तशीच ठेवावयास सांगितले.

अर्जावर निर्णय अद्याप यावयाचा आहे. गाडी खाली आच्छादनाखाली उभी असते. दर रविवारी सकाळी काका इंजिन पाच मिनिटे सुरू करतात. वर चहा घेताना मला तो आवाज ऐकू येतो. वही त्यांनी माझ्याकडे ठेवावयास दिली आहे. तिच्यात अजून बरीच पाने कोरी आहेत.