उंबरठ्यापर्यंतची तार

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य भारतीय नागरिकाला इंटरनेटचे दार उघडून दिले, ते टेलिफोनच्या तारेतून. घरात एकाने संगणक जोडला की बाकीच्यांचा फोन बंद! वेग हवा होता. पण चौकातून उंबरठ्यापर्यंतच्या त्या शेवटच्या कोसात तारा होत्या दोनच, आणि दोन्ही भलत्याच कामासाठी टाकलेल्या.

पहिली टेलिफोनची तांब्याची जोडतार. माणसाच्या बोलण्याला तिच्यातील ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढीच जागा पुरते. वरची सारी रिकामी. अमेरिकेतील बेलकोर ह्या संशोधनसंस्थेत जोसेफ लेक्लायडर ह्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस असे सुचविले, की घराकडे येणारा प्रवाह मोठा व घरातून जाणारा लहान ठेवावा, म्हणजे ह्याच तारेतून पुष्कळ माल नेता येईल. उद्देश होता घरोघरी चित्रपट पुरविण्याचा. तो बाजूला राहिला, आणि इंटरनेटला ‘डीएसएल’ मिळाले. दोष एवढाच, की एक्स्चेंजपासून अंतर वाढले की वेग ओसरत जातो.

दुसरी आपल्या केबलवाल्याची. तिची ताकद तांब्याच्या जोडतारेहून कितीतरी अधिक. परंतु चित्र घरात येई, घरातून परत काही जात नसे. वाटेवरचे अ‍ॅम्प्लिफायर एकाच दिशेचे! अमेरिकन कंपन्यांनी अफाट पैसा ओतून हे जाळे दुहेरी केले. चार गल्ल्यांपुरता धंदा करणाऱ्या आपल्या केबलवाल्याला ते कसे झेपावे? त्याने बहुधा शेजारून संगणकाची वेगळी तार ओढली आणि गच्चीवरून गच्चीवर नेली.

तेव्हा खरी आशा तांब्यावर होती, आणि तांबे सरकारी निगमांचे : मुंबई-दिल्लीत महानगर टेलिफोन निगमाचे, इतरत्र भारत संचार निगमाचे. एप्रिल २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली, की ही तार इतरांनाही भाड्याने वापरू द्यावी. जपानने हेच केले होते, आणि २००१ पासून तेथे वेग वाढून दर कोसळले होते. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने मात्र सक्ती टाळून प्रश्न मालकाच्या मर्जीवर सोडला. सार्वजनिक पैशाने टाकलेली तार खासगी व्यापाऱ्याने का वापरावी, हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे नव्हे. पण वापरात नसलेल्या तारेचे भाडेही निगमालाच मिळाले असते, हे कोणी नीट मांडले नाही असे मला वाटते.

धोरणाने २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचे लक्ष्य ठेविले होते. त्या वर्षाअखेर झाले सुमारे १ कोटी १० लाख. आणि ‘ब्रॉडबँड’ म्हणजे तरी काय? सेकंदाला २५६ किलोबिट! पुढे २०१६ नंतर स्वस्त मोबाइलने असंख्य घरे तारेवाचूनच जोडली. शहरात आता काचेची तार येते. ती जोडायला पुष्कळदा येतो तो त्याच जुन्या केबलवाल्याचा माणूस.