शालेय प्रयोगाची कसोटी : औंध ते बडोदे

शिक्षणाच्या इतिहासात ‘प्रयोग’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. नवी पद्धती अमलात आणणे हा एक अर्थ; तिच्या परिणामाची तुलनेने परीक्षा घेणे हा दुसरा. या दोहोंतील अंतर औंध व बडोदे येथील उदाहरणांवरून स्पष्ट होते.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी स्वतःच्या नित्य व्यायामावरून सूर्यनमस्कारांचे महत्त्व जाणले आणि संस्थानच्या शाळांतून ते आवश्यक केले. त्यांच्या ग्रंथाने त्या व्यायामाची कीर्ती संस्थानाबाहेरही पोहोचविली. परंतु एकच नियम सर्वांना लागू झाल्यावर तुलनेस दुसरी बाजू उरत नाही. लाभ झाला असेल; तो किती व कशामुळे, याचा निर्णय अशा योजनेतून होत नाही.

सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ साली प्रथम अमरेली तालुक्यात सुरू केले व १९०६ साली ते राज्यभर नेले. आधी एक भाग, मग सर्व राज्य, हा क्रम सावधपणाचा होता. त्याच बडोदे शहरात सुमारे शंभर वर्षांनी याहून काटेकोर परीक्षा झाली. २००२ ते २००४ या काळात ‘प्रथम’ या संस्थेने नगरपालिकेच्या शाळांतील चौथीच्या मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले. मुलाच्या कुवतीप्रमाणे त्यांतील उदाहरणे सोपी वा कठीण होत. एका संगणकापाशी दोन मुले, आठवड्यास दोन तास, अशी व्यवस्था होती. शाळांची निवड चिठ्ठीच्या तत्त्वाने केल्यामुळे उरलेल्या शाळांशी तुलना शक्य झाली. गणितातील प्रगती पहिल्या वर्षी ०.३५ व दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी भरली. मात्र कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात लाभ सुमारे ०.१० वर उतरला.

प्रसाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा धडा गुजरातेतीलच दुसऱ्या एका परीक्षणाने दिला. संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी ठेवला तेथे मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा ठेवला तेथे ती पुढे गेली. दिल्लीत २०१५-१६ साली झालेल्या परीक्षणात साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलन इतका लाभ आढळला. तेथेही वर्ग शाळेनंतरचा होता, आणि निम्मा वेळ संगणकास तर निम्मा लहान गटातील शिकवणीस दिलेला होता.

यावरून असे म्हणावे लागते की, परीक्षेस उतरते ते केवळ यंत्र नव्हे, तर यंत्र, वेळ व शिक्षक यांची विशिष्ट जुळणी होय. प्रसार करताना यंत्र तेवढे उचलले व जुळणी मागे ठेवली, तर पूर्वीच्या परीक्षेचा आधार संपतो. उद्या खटाव वा आटपाडीच्या शाळांत असे साधन पोहोचेल, तेव्हा काही शाळा काही काळ तुलनेसाठी राखणे हा त्या मुलांवरील अन्याय ठरणार नाही. ज्याचा गुण पारखलेला नाही असे साधन सर्वांवर एकदम लादणे हाच मोठा अन्याय होय. कारण त्यात खर्ची पडणारा तास मागे पडलेल्या मुलाचा असतो.